डबा ब्रँडेड, माल नऊशेचा: बूस्ट कंट्रोलर घेताना मी कसा गंडलो

साडेआठ हजाराला गंडलोय आणि गंडवणारा अजून तोच माल विकतोय, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो पेट्रोल, 150 बीएचपी, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत खेटे घालून पासिंग परत करून घेतलेली. रीमॅपला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून पॉवर वाढवायला, पैसे नव्हते म्हणून मॅन्युअल बूस्ट कंट्रोलरचं खूळ डोक्यात शिरलं. बूस्ट म्हणजे टर्बो ज्या प्रेशरने इंजिनात हवा कोंबतो ते, ते यातून हाताने वाढवता येतं. (असले बदल कायद्यात बसत नाहीत, इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात, सगळं माहीत होतं, त्यावर लेक्चर नको.)

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, वस्तू अंगठ्याएवढी असते. आत एक गोळी, मागे स्प्रिंग, वर स्क्रू. वेस्टगेट म्हणजे टर्बोला फिरवणारा जादा धूर बाजूने सोडणारी झडप, ती उघडतो तो अ‍ॅक्च्युएटर. टर्बोचं प्रेशर पाइपातून वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जातं ते ही गोळी मधेच अडवते, प्रेशर स्प्रिंगला भारी पडलं की गोळी उचलली जाते, वेस्टगेट उघडतं आणि बूस्ट तिथेच थांबतो. स्क्रू आवळला की बूस्ट वाढला, एवढंच. पण अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, थ्रॉटल सोडल्यावर अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि वेस्टगेट परत बंद होतं. हे भोक लक्षात ठेवा, पुढे येणारे.

तर ऑनलाइन बिननावाचा चायना पीस 900 रुपयाला, आणि टर्बोस्मार्ट, हॉलमन असला नावाजलेला घ्यायचा तर कस्टम धरून मला बारा हजाराच्या आसपास पडत होता. मित्राने नऊशेवाला घेतला तेव्हा मी त्याला हसलो होतो, म्हटलं इंजिन दीड लाखाचं आणि त्याला नऊशेची खुंटी लावतोस होय. आणि मग इन्स्टावर मला एक 'इम्पोर्टर' सापडला. ओरिजनल ब्रँड, सीलपॅक, साडेआठ हजार. जीएसटी बिल मागितलं तर म्हणे "सर, बिल लावलं तर महाग पडेल, कस्टमचा लॉट आहे, शेवटचे दोनच पीस राहिलेत." इथेच उठायला पाहिजे होतं. मी यूपीआय केलं.

डबा एकदम झकास. होलोग्राम, फोममध्ये बसवलेला निळा पीस, आत स्टिकरसुद्धा. आईच्या डायनिंग टेबलवर, तिच्या त्या केळीच्या पानांच्या डिझाइनच्या प्लॅस्टिक टेबलक्लॉथवर ठेवून चारी बाजूंनी फोटो काढले आणि त्यालाच पाठवले, "मिळाला ब्रो, थँक्स" म्हणून. हौस बघा.

नाना पेठेतल्या मेकॅनिकभाऊंकडून बसवून घेतला, 0.8 बार प्रेशरला सेट केला. पहिले दोन आठवडे मी हवेत. मग गियर बदलला की गाडी क्षणभर झोपायला लागली, आणि कधी बूस्ट गेजचा काटा 0.8 ला थांबायचा तर कधी सरळ 1.1 ला जायचा, स्क्रूला हात न लावता. मी पेट्रोलला दोष दिला, 95 ऑक्टेन टाकायला लागलो, गेजला दोष दिला, सगळ्यांना दिला, त्या पीसला सोडून, कारण तो ब्रँडेड होता ना! एका रविवारी सकाळी ताम्हिणीत तिसऱ्या गियरला दाबली तर फट्ट आवाज, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप निसटला आणि गाडी मेल्यासारखी. तसाच खेचत पुण्याला आणली. स्कॅनरवर कोड आला पी1557, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने सांगितलं त्यापेक्षा बूस्ट जास्त गेला.

भाऊंनी कंट्रोलर काढला, पुसला आणि अ‍ॅक्च्युएटरच्या बाजूने तोंडाने फुंकला. चांगल्या पीसमध्ये त्या बारीक भोकातून थोडी तरी हवा जायला पाहिजे. याच्यात गप्प! भोकच नव्हतं. मग मित्राचा नऊशेवाला मागवला आणि दोन्ही पीस पेपरवर खोलून शेजारी शेजारी मांडले. बॉडी सेम, आटे सेम, टर्निंगचे ओरखडेसुद्धा सेम जागी. माझ्या पीसवर फक्त ब्रँडचं नाव छापलेलं, तेही भाऊंनी थिनरच्या बोळ्याने दोनदा घासलं तर अर्धं बोळ्याला आलं. स्प्रिंग बॉलपेनमधली वाटावी अशी. स्टीलच्या गोळीवर गंजाचा तांबूस ठिपका, बसायच्या जागेवर बारीक कूस राहिलेली, गोळी तिथेच अडकत होती, म्हणून तो 1.1. नऊशेवाल्याला निदान भोक तरी होतं! भाऊ म्हणाले, "शेठ, तुम्ही डब्याचे पैसे दिले."

पाइप, क्लॅम्प, प्लग, मजुरी मिळून सहा हजार वर गेले. नॉक सेन्सरने पेट्रोल अवेळी पेटल्याचे ठोके पकडून, ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लावून इंजिन वाचवलं असणार असं भाऊंचं म्हणणं, कॉम्प्रेशन तरी चारी सिलिंडरचं ठीक आलं.

खऱ्या कंपनीला फोटो मेल केले, त्यांचं दोन दिवसात उत्तर आलं की हा माल आमचा नाही, आणि सोबत भारतातल्या अधिकृत डीलरची लिंक. ती लिंक मी आधी पाच मिनिटं काढून बघितली असती तर तो 'इम्पोर्टर' त्यात नाही हे तेव्हाच कळलं असतं. विकणाऱ्याला फोन केला तर आधी "सर फिटिंग चुकलंय", मग "बिल दाखवा" (!), मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, तक्रार नोंदवलीये, पण पैसे जाऊन दोन महिने झालेले, तिथला माणूस म्हणाला लगेच फोन केला असता तर रक्कम अडवता आली असती. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला पण सांगितलंय. बिल नाही म्हणून सगळं चॅटच्या स्क्रीनशॉटवर चाललंय, ते तरी डिलीट करू नका.

गाडी परत कंपनीच्या मूळ एन75 व्हॉल्व्हवर आहे, बूस्ट आता तोच सांभाळतो. नऊशेवाला मित्र अजून फिरतोय, पण त्याने गोळी बसायची जागा पॉलिश पेपरने घासून घेतलीये आणि दर महिन्याला खोलून बघतो, तेवढा उद्योग जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

परवा त्याच मित्राने एक लिंक पाठवली. नवीन नाव, नवीन पेज, तोच निळा पीस, आता साडेनऊ हजार, खाली लिहिलंय 'हॅपी कस्टमर, पुणे'. फोटोत पीसच्या खाली केळीची पानं. आईने लगेच ओळखला, म्हणाली अरे हा आपला टेबलक्लॉथ ना?