बंद गाडीत करंट कोण खातंय: फ्यूज उपसायचे की जागेवरच तपासायचे?

बॅटरी नवी, अल्टरनेटर ठीक, तरी सात सीटर दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता कटकट करतो. अर्धा अँपिअर गळती असली तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात.

उद्यमनगरातल्या गॅरेजांची जुनी रीत: निगेटिव्ह केबल सोडून मल्टिमीटर १० अँपिअरवर केबल आणि बॅटरीच्या मधे जोडायचा आणि एकेक फ्यूज उपसायचा. आकडा ५० मिलिअँपिअरखाली आला की चोर सापडला. पण केबल सोडून जोडली की कंट्रोल युनिटं (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागी होतात, झोपायला अर्धा तासही घेतात. त्यात कुणी चावी फिरवली, की मीटरचाच फ्यूज गेला!

दुसऱ्या रीतीत फ्यूज जागेवरच. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टिकल्यांना पिना टेकवायच्या. शून्य म्हणजे लाइन गप्प, ०.३ दिसलं तर तिथं खोदा. नेमका करंट फ्यूजच्या रेटिंगप्रमाणे तक्त्यात मिळतो. फ्यूजबॉक्स गाठायला दार उघडंच ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं पाडलं की गाडीला ते बंद वाटतं.

माझं मत दुसरीला. फक्त जीपीएस किंवा स्टिरिओ कुणी थेट बॅटरीवरून जोडला असेल, तर गाडीच्या फ्यूजबॉक्सात तो दिसणारच नाही. तिथं पहिलीच रीत कामाला येते: सगळे फ्यूज उपसूनही आकडा उतरत नाही.