हायडेलबर्गचा समर कोर्स, लिथुआनियातलं खातं आणि आमचे २,६५,२६९ रुपये

लेकीच्या जर्मनीतल्या कोर्सच्या नावाखाली एका माणसाने आम्हाला फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणाला वाटायला नको. कोर्सची फी म्हणून १,४५० युरो, बँकेने लावलेल्या ९२.१५ च्या दराने १,३३,६१७ रुपये ५० पैसे. खोलीचं डिपॉझिट ६०० युरो आणि महिन्याचं भाडं ४८०, म्हणजे १,०८० युरो, दर ९२.४०, झाले ९९,७९२. दोन्ही वेळचे बँक चार्जेस २,३६०. आणि स्वतःला कन्सल्टंट म्हणवणाऱ्या त्या माणसाचे २५,००० अधिक जीएसटी, २९,५००. बेरीज २,६५,२६९ रुपये ५० पैसे. वरचे पन्नास पैसेसुद्धा मी सोडणार नाहीये.

लेक जर्मन शिकते, बी-वन ही पातळी झालीय. हायडेलबर्ग विद्यापीठाचा ऑगस्टमधला भाषेचा उन्हाळी कोर्स खराखुरा आहे. विद्यापीठ १३८६ सालचं, तिच्या क्लासमधल्या मोठ्या मुली तिथे जाऊन आलेल्या. मग शंका घ्यायची कशावर? या लोकांचं हेच असतं. शहर खरं, विद्यापीठ खरं, कोर्स खरा, फक्त खातेनंबर तेवढा त्यांचा.

ऑफिस चकाचक. ब्रोशरच्या कव्हरवर तिथल्या जुन्या विद्यार्थी-कोठडीचा फोटो. बेशिस्त पोरांना विद्यापीठ तिथे कोंडायचं, १९१४ पर्यंत ती चालू होती, भिंतीभर पोरांनी रंगवलेले चेहरे आहेत. कोठडी बंद व्हायला नको होती, एवढंच म्हणते.

"ताई, डायरेक्ट अर्ज केलात तर वेटिंग लागतं, माझ्याकडे ग्रुपच्या सहा सीट आहेत, दोन उरल्यात." आठ दिवसांत विद्यापीठाचा शिक्का असलेलं प्रवेशपत्र आलं. ज्या ईमेलवरून आलं त्याच्या शेवटी जर्मनीचं डॉट डीई नव्हतं, डॉट ऑर्ग होतं. कोण बघतं हो?

पण खातेनंबर मी बघितला होता. मी एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, रोज आरटीजीएस करते, आयएफएससीचा एक शून्य चुकला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. तिकडच्या खातेनंबराला आयबॅन म्हणतात, त्याची पहिली दोन अक्षरं म्हणजे देश. जर्मनीचा आयबॅन 'डीई'ने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. हा 'एलटी'ने सुरू होत होता, २० अक्षरांचा. एलटी म्हणजे लिथुआनिया. मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर आलं, "ताई, युरोपात आता सगळं एकच आहे, कुठल्याही देशातलं खातं चालतं." आणि हे खोटंही नाही! युरोचे व्यवहार तिकडे खरंच असे चालतात. अर्धवट खऱ्या उत्तरावर माणूस पुढे काय बोलणार?

दुसऱ्या वेळी खोलीचे पैसे भरायचे होते. घरमालकीण म्हणे सत्तरीच्या विधवा बाई. आयबॅन टाकायला गेले तर बँकेच्या यादीत तो आधीच हजर. फीचं तेच खातं! सहाशे वर्षांचं विद्यापीठ आणि ही म्हातारी एकाच खात्यात पैसे घेतात? नवऱ्याला हाक मारून स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, एजंटचंच कलेक्शन अकाउंट असेल, भर आता, व्हिसाची तारीख जवळ आलीये. तो एक क्षण अजून डोक्यातून जात नाही. रात्री दोनला जाग येते आणि तोच स्क्रीन दिसतो. पण मला सांगा, घरात पोरगी बॅग भरून बसलेली, व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो, तिकीट बुक झालेलं. अशा वेळी थांबणारे किती निघतील?

खोलीच्या फोटोचं तर नंतर नकाशा उघडल्यावर कळलं. पत्ता जुन्या शहरातला, मुख्य रस्त्यावरचा. खिडकीतून काय दिसतंय? पुढ्यात नेकार नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल आणि पलीकडे किल्ला. अहो, जुनं शहर आणि किल्ला नदीच्या एकाच काठाला आहेत! पूल आणि त्याच्यामागे किल्ला हे दृश्य समोरच्या काठावरून, फिलॉसॉफर्स वॉक नावाच्या वाटेच्या चढावरून दिसतं. कुठलं तरी पोस्टकार्ड खिडकीच्या चौकटीत चिकटवलं होतं.

प्रवेशपत्रावर रहिवासाच्या तारखा नव्हत्या, म्हणून लेकीने विद्यापीठाच्या खऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून मेल टाकला. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं: आपलं नाव आमच्या यादीत नाही आणि सोबतचं पत्र आमचं नाही. पैसे भरण्याआधी हा मेल टाका. फुकट असतो.

आता खरी कहाणी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, पोचक्रमांक मिळाला. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग हा सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, परदेशात गेलेले राहू द्या, २९,५०० तर पुण्यातल्या खात्यात गेलेत, माणूस इथेच बसलाय. मग त्याचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही म्हणाले. त्या हद्दीतले म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, खातं परदेशातलं आहे, आधी चौकीतून पत्र आणा. हद्दीचा वाद घालायचा नसतो, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे नव्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते छापून नेलं तर, "तुम्ही वकील आहात का?" पाणीसुद्धा विचारलं नाही. बाहेर बाकावर आमच्यासारखीच माणसं फायली मांडीवर घेऊन बसलेली.

बँकेची तर कमाल. स्विफ्ट रिकॉल, म्हणजे परदेशी पाठवलेले पैसे परत मागवण्याची विनंती, टाका म्हटलं तर फॉरेक्स डेस्क मुंबईला, तिथला फोन उचलायला कुणी नाही. शेवटी उत्तर काय? खातेदाराची संमती लागेल. चोराची संमती! वर मलाच ऐकवलं, दुसऱ्या फॉर्मवर पैसे कशासाठी याचा कोड तुम्ही एस १३०१, कुटुंबाचा निर्वाहखर्च, लिहिलाय, मग आता शिक्षणाची फसवणूक कशी म्हणता? तो फॉर्म त्या माणसाने भरून पाठवला होता. शिक्षणाचा कोड एस ०३०५ आहे. कुणी दुसरा कोड टाकायला सांगितला की तिथेच उठून या. आणि बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आमची गेली आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही डिलीट करू नका; त्याने त्याच्या बाजूचे मेसेज उडवले, माझे स्क्रीनशॉट होते म्हणून वाचले. खोली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मिळते का ते कोर्सच्या कार्यालयालाच विचारा. खोली कुणी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट नाही म्हणजे नाही, पुण्यातली असंख्य पोरं जर्मनीत आहेत, कुणाला तरी पाठवा.

त्या माणसाने बोर्ड बदललाय, आता व्हिएन्ना आणि प्रागच्या बॅचेस घेतोय. 'एलटी'ने सुरू होणारं खातं आणि नदीकाठच्या खिडकीचा फोटो ज्यांना आलाय, त्यांनी पावत्या घेऊन चौकीत एकेकट्याने जाऊ नका. मला कळवा, एकत्र जाऊ. दहाजण एकदम उभे राहिले की बघू कोण हद्द विचारतो.