पल्स्ड फील्ड अब्लेशन: ह्यांच्यावर झालेल्या उपचाराबद्दल

ह्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार. नाडीवर बोट ठेवलं की ठोके कसेही पडायचे, जिना चढताना धाप लागायची. गोळ्यांनी भागेना, तेव्हा इथे न्यू जर्सीत डॉक्टरांनी हे अब्लेशन, म्हणजे ठोके बिघडवणाऱ्या जागेतल्या पेशी निकामी करणं, सुचवलं. वापरलं ते फॅरापल्स नावाचं उपकरण. अमेरिकेत त्याला जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

मला धास्ती होती अन्ननलिकेची. ती हृदयाच्या डाव्या कर्णिकेला (वरच्या कप्प्याला) मागून जवळजवळ चिकटूनच असते. जुन्या पद्धतीत उष्णतेने जाळताना तिला इजा झाली तर, क्वचितच होते, पण जिवावर बेततं. ह्यात जाळणं-गोठवणं नाही. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात आणि फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी तिच्या टोकाच्या तारा पाकळ्यांसारख्या उघडतात. ठोक्यांची गडबड बहुधा तिथूनच सुरू होते, हे फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. मग अतिशय अल्पकाळाचे, पण जबर व्होल्टेजचे विजेचे झटके. त्यांनी पेशींच्या आवरणाला भोकं पडतात. हृदयाच्या स्नायूपेशी त्यात मरतात, अन्ननलिका आणि मज्जातंतू त्यामानाने तग धरतात. १७ हजारांवर रुग्णांच्या पाहणीत अन्ननलिकेची इजा एकालाही झाली नव्हती, हे वाचल्यावरच मी ह्यांना "करून घ्या" म्हटलं.

काम चोख झालं, दुसऱ्या दिवशी घरी. पण सकाळी लघवी लालसर! माझ्या पोटात गोळाच आला. फोन केल्यावर नर्सने सांगितलं, झटक्यांनी काही तांबड्या पेशी फुटतात, भरपूर पाणी द्या. मग घरी जाताना दिलेल्या कागदावर ही एक ओळ का नव्हती? हॉस्पिटलला मी तसं लेखी कळवलंय.

आणखी एक. "झालं, आता कायमचं बरं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. २०२३ च्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेर यश मिळालं सुमारे ७३ टक्के रुग्णांना. जुन्या पद्धतीत ते ७१ होतं. म्हणजे यशात फार फरक नाही. मोल आहे ते आजूबाजूचे अवयव वाचण्याला. सुरुवातीचे दोन-तीन महिने धडधड झाली तरी डॉक्टर ती अपयशात धरत नाहीत. ह्यांनाही झाली, मग हळूहळू थांबली. आता जिना न थांबता चढतात.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र चालूच आहे. "ठोके सुधारले, आता कशाला?" असं हे म्हणतात. पण पक्षाघाताचा धोका नुसत्या ठोक्यांवर ठरत नाही, वय आणि रक्तदाबही बघतात. डॉक्टर सांगेपर्यंत मी ती बंद करू देणार नाही.