ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर: तळघरात की गच्चीवर?

थंड ठेवण्यासाठी पेट घेऊ शकणारे तेल नसल्यामुळे ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर इमारतीत बसवता येतो; मात्र त्याची सारी उष्णता हवेनेच वाहून न्यावी लागते. तळघरात गार हवेसाठी खाली आणि तापलेल्या हवेसाठी समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवावा लागतो, तो जमत नसेल तर एक्झॉस्ट पंखा अटळ ठरतो, आणि पाणी तुंबण्याचा धोका उरतोच. गच्चीवर हवा मुबलक मिळते. पाऊस व धूळ रोखणारे आवरण मात्र हवे. तिथली खरी अडचण आवाजाची आहे: ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा १०० हर्ट्झने गुणगुणतो आणि ती कंपने स्लॅबमधून खालच्या खोल्यांत उतरतात. कंपनरोधक पॅड दोन्हीकडे लागतात, तरी गच्चीखाली झोपण्याच्या खोल्या असतील तर मी तळघरच निवडेन, अर्थात ते कोरडे राहत असेल तर.