सेमिनार की मूळ अधिसूचना?

जळगाव-धुळ्याकडच्या सीएंपुढे बदलत्या नियमांसाठी दोन वाटा आहेत: सीपीईच्या, म्हणजे सीएंच्या सततच्या व्यावसायिक शिक्षणाच्या, सेमिनारला बसणं किंवा अधिसूचना स्वतः वाचणं.

सेमिनारची खरी कमाई चर्चेत असते. जिनिंगमधल्या कापसाच्या शिल्लक साठ्याचं मूल्य कसं धरायचं, दालमिलच्या चुनीचा हिशोब कुठे दाखवायचा, हे प्रश्न इथलेच. शेजारचा मुरलेला सीए चहाच्या सुट्टीत उत्तर देऊन जातो. तपशील मात्र कानावरून जातात.

ऑडिट ट्रेलचंच घ्या. कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहावी, ही अट मार्च २०२१ मध्ये आली, दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपन्यांच्या ऑडिटसाठीच्या नियमांतला नियम ११(जी) नीट वाचला की कळतं, ट्रेल वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होता का, त्यात छेडछाड झाली का, हेही ऑडिटरने अहवालात सांगायचं आहे. मार्चमध्ये सेटिंग चालू करून भागत नाही. सही आपली असते, म्हणून माझा कौल ठामपणे वाचनालाच. शंका लिहून घ्याव्यात, मग सेमिनार गाठावा.

भागीदारीतल्या आडत पेढीला ही अट नाही. तेवढ्यापुरता सेमिनार पुरतो.