फुकटच्या टायकून गेममध्ये पैसे नेमके कुठे जातात

दुकान, कारखाना, हॉटेल किंवा खाण चालवायच्या मोबाईल गेममध्ये पैसे घालवून बसलेल्यांची हकिगत जवळपास सारखीच असते. सुरुवातीला भराभर प्रगती होते, मग एका ठिकाणी गाडी अडते. तिथे हिरे (खऱ्या पैशांनी मिळणारं गेममधलं चलन) विकत घेतले जातात, गाडी पुढे सरकते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अडते. हे अडणं सूत्रातच बसवलेलं असतं, आणि पैसे भरायच्या आधी कागदावर मांडूनही दिसतं.

या गेममध्ये पुढच्या प्रत्येक दुकानाची किंमत ठरावीक पटीने चढते. 2013 मध्ये आलेल्या कुकी क्लिकर या ब्राउझर गेममध्ये ही पट 1.15 आहे, म्हणजे प्रत्येक इमारत आधीच्यापेक्षा 15 टक्के महाग. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 25 इमारतींनंतर किंमत मूळच्या सुमारे 33 पट होते, 50 नंतर 1,084 पट आणि 100 नंतर पावणेबारा लाख पट. उत्पन्न मात्र इमारतींच्या संख्येनेच वाढतं: इमारती शंभर, तर उत्पन्न शंभर पट. मधली दरी भरून काढायला अपग्रेड (उत्पन्न वाढवणाऱ्या सुधारणा) ठेवलेले असतात आणि ते कुठे द्यायचे, कुठे रोखायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. त्या ब्राउझर गेममध्ये हिरे विकायचे नव्हते, त्यामुळे ती चढण हाच खेळ होता. तेच सूत्र हिऱ्यांच्या दुकानाला जोडलं की चढणीवर टोलनाका बसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. पुढच्या अपग्रेडची किंमत भागिले सेकंदाचं उत्पन्न, एवढंच प्रत्येक पायरीला लिहून ठेवा. समजा आकडे असे आले: 40 सेकंद, 2 मिनिटं, 9 मिनिटं, 50 मिनिटं, आणि मग एकदम 6 तास. नेमक्या त्या उडीपाशी ‘फक्त तुमच्यासाठी’ ऑफर उघडली, तर टोलनाका कुठे आहे ते कळलं. आता त्या ऑफरची खरी किंमत काढा. ‘उत्पन्न कायमचं दुप्पट’ हे नेहमीचं आमिष. 1.15 च्या पटीने पाच इमारतींमध्येच किंमत दुप्पट होते (1.15 चा पाचवा घात 2.01). म्हणजे ढोबळ हिशेबाने, कायमच्या दुपटीने तुम्हाला मिळते ती पाच इमारतींची आघाडी. त्यानंतर थांबायचा वेळ पुन्हा होता तिथेच.

हिरे खर्च करायची सवय ट्युटोरियलमध्येच, म्हणजे खेळ शिकवणाऱ्या सुरुवातीच्या भागातच, लावली जाते. पहिल्या काही मिनिटांत गेम थोडे हिरे हातात देतो आणि लगेच ते टायमर संपवायला वापरायला लावतो. स्क्रीनवर दुसरं कुठलंच बटण चालत नाही. टायमर असतो जेमतेम मिनिटभराचा, थांबलं तरी चाललं असतं. पण ‘वाट पाहायची नाही, हिरे द्यायचे’ हे बोटाला शिकवून झालेलं असतं. पुढे तोच टायमर 8 तासांचा होतो.

हिऱ्यांचे पुडे आणि वस्तूंच्या किमती मुद्दाम जुळू देत नाहीत. पुडा 80 चा, मॅनेजर (दुकान आपोआप चालवणारा) 100 चा. दोन पुडे घेतले की 60 उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा पुडा घेतला जातो, त्यात पुन्हा काहीतरी उरतं. खऱ्या पैशातली किंमत कळायची असेल तर पुड्याचा भाव हिऱ्यांच्या संख्येने भागा आणि मॅनेजरच्या 100 ने गुणा. हा आकडा गेम सहसा दाखवत नाही. उलटी घड्याळं चालणाऱ्या ऑफरचंही तसंच: स्क्रीनशॉट काढा, संपू द्या आणि आठवडाभर पाहा. पुष्कळदा तीच ऑफर नाव बदलून परत येते.

पुष्कळ पैसे जातात ते इव्हेंटमध्ये, म्हणजे ठरावीक दिवसांच्या स्पर्धेत, कारण तिथे हिशेब करायला वेळच देत नाहीत. समजा तीन दिवसांचा इव्हेंट आहे, मोठ्या बक्षिसाला 10,000 गुण लागतात आणि तासाला 120 गुण साठतात. 72 तासांचे होतात 8,640. म्हणजे एक मिनिट वाया न घालवताही बक्षीस मिळत नाही. त्यात गोदाम 2 तासांत भरतं आणि पुढचं उत्पादन थांबतं. रात्रीची 8 तास झोप घेतली तर 6 तास बुडाले, तीन रात्रींचे 18, म्हणजे आणखी 2,160 गुण गेले. हाती राहिले 6,480. उरलेले साडेतीन हजार विकत घ्यायचेत, हे पहिल्या तासातच ठरलेलं होतं. पण विक्रीची खिडकी उघडते शेवटच्या दिवशी, 6,480 गुण सोडवत नाहीत अशा वेळी. म्हणून इव्हेंट सुरू झाल्या झाल्या हा गुणाकार करावा. जमत नसेल तर तो इव्हेंट खेळूच नये.

जाहिरात पाहून मिळणारं ‘दुप्पट’ही फुकट नसतं. किमती ठरवताना सगळे जाहिरात पाहतीलच असं धरलेलं असेल, तर न पाहणारा निम्म्या वेगाने खेळतो, एवढाच त्याचा अर्थ.

असल्या गेममध्ये व्यवसाय शिकायला मिळतो हा दावाही तपासून घ्यावा. मालाचा भाव दहापट करून पाहा. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, किंवा भाव बदलायची सोयच नसली, तर आत बाजार नाहीच, नुसता मोजणारा काटा आहे. दुसरी कसोटी दिवाळं काढायची. तोटाच होऊ शकत नाही तिथे निर्णयाला किंमत काय? 1973 च्या लेमोनेड स्टँडमध्येसुद्धा हवामान, सरबताचा भाव, किती पेले बनवायचे आणि किती जाहिरात करायची यांचा मेळ चुकला की पैसे बुडायचे. 1994 च्या ट्रान्सपोर्ट टायकूनमध्ये मालाचा प्रकार, अंतर आणि लागलेला वेळ यांवर भाडं ठरतं. 1999 च्या रोलरकोस्टर टायकूनमध्ये तिकीट महाग केलं तर माणसं पाळण्यापर्यंत येतात आणि परत फिरतात. कारण तिकिटाचा भाव पाळण्याच्या मोलाशी ताडून पाहिला जातो, आणि प्रत्येकाच्या खिशातले पैसेही वेगळे मोजलेले असतात. जुनी नावं मोबाईलवर आली की ही यंत्रणा टिकतेच असं नाही. डंजन कीपरच्या मोबाईल आवृत्तीची ‘फुकट’ ही जाहिरात ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2014 मध्ये दिशाभूल करणारी ठरवली, ती टायमरांच्या लांबीमुळेच.

पैसे देऊन घेतलेल्या पीसी गेममध्ये फसगत वेगळ्या वाटेने होते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. टायकून गेममध्ये हे दोन तास सगळ्यात घोटून घेतलेले असतात. अर्थव्यवस्था मोडते ती नंतर: दहाएक तासांनी पैसा इतका साठतो की काहीही बांधलं तरी चालतं. अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट अवस्थेतच विकायला काढलेल्या गेममध्ये, तर हा भाग ‘पुढच्या अपडेटमध्ये’ असतो. म्हणून रिव्ह्यू वाचताना खेळलेल्या तासांची चाळणी लावा, 30 तासांच्या वर खेळलेल्यांचेच वाचा आणि त्यात ‘पैशाचं काय करायचं कळत नाही’ अशा अर्थाचं काही दिसतं का ते पाहा.

मोबाईलवर पैसे गेलेच असतील तर पहिल्यांदा हिरे खर्च करणं थांबवा. वापरून संपलेल्या हिऱ्यांचे पैसे परत मिळवणं फार अवघड जातं. गूगल प्लेवर 48 तासांच्या आत थेट गूगलकडे अर्ज करावा, त्यानंतर बहुधा गेम बनवणाऱ्याकडेच बोट दाखवतात. पावतीच्या ईमेलमधला जीपीए अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक जपून ठेवा, तक्रार करताना तो लागू शकतो. ॲपलकडे ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’च्या पानावरून परतावा मागता येतो. ऑफरचे स्क्रीनशॉट, त्यांवरची तारीख आणि वेळ अर्जात लिहा. मुलांच्या हातात फोन देत असाल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग आधी चालू करा, आणि गेम काढून टाकला म्हणून महिन्याचं सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ते स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन वेगळं रद्द करावं लागतं.