स्पॅनिश बोलायचा ऑनलाइन कोर्स: ट्यूटर झकास, बॉट भंगार

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली बॉटवर आले की सांगते.

कोर्स बिगिनर लोकांसाठीय, ए1-ए2 लेव्हल. म्हणजे वर्तमानकाळ जमतो, भूतकाळ अडखळत येतो आणि समोरचा जरा भरभर बोलायला लागला की डोक्यात नुसता कलकलाट होतो, ती अवस्था. व्हिडिओ कॉलवर एकटीचा तास, आठवड्याला एक ग्रुप, ऑडिओ कार्डं आणि सरावाला एक एआय बॉट असं पॅकेज आहे. हे सगळं दहा ठिकाणी मिळतं. ह्यांचं वेगळेपण असं की सुरुवातीचे बरेच तास तुम्हाला वाक्यं बनवायला लावतच नाहीत, ऐकायला लावतात, आणि तेही तोंड मिटून नाही तर समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्ही ऐकताय, अशा पद्धतीने. हुंकार देणं म्हणतो ना आपण, तेच, फक्त स्पॅनिशमधून.

मला आधी वाटलं हा काय टाइमपास. क्लारो, बाले, एन सेर्यो, म्हणजे बरोबर, ठीक आहे, काय सांगतेस, हे शब्द कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत असतात, त्यासाठी तास कशाला. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि तो बरोब्बर त्या अर्ध्या सेकंदात तोंडातून निघणं वेगळं. डोक्यात पुढचं वाक्य जुळवत बसलेला बिगिनर कसा दिसतो माहितीये का, डोळे वर, चेहरा कोरा, आणि बोलणाऱ्याला वाटतं की ह्याला काहीच कळत नाहीये किंवा हा कंटाळलाय. मग तो बिचारा एक तर सोपं करून दोन वाक्यांत गोष्ट संपवतो नाहीतर सरळ इंग्लिशवर जातो. झालं, तुमचा सराव तिथेच संपला.

माझी ट्यूटर स्पेनमधल्या वालेन्सियाची आहे. तिचा एक प्रकार मला सगळ्यात आवडला. ती तासाच्या मधेच दोघींचे कॅमेरे बंद करायला लावते. कॅमेरा चालू असला की आपण मान डोलवून, हसून वेळ मारून नेतो, बंद केला की आवाजाशिवाय हातात काही उरत नाही. मग ती काहीतरी घडलेलं सांगायला लागते आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबते. तुम्ही काही बोललात तरच पुढे जाते. गप्प बसलात तर ती पण गप्प. शांतता इतकी अवघड होते की काहीतरी निघतंच तोंडातून.

एकदा वॉशिंग मशिनची गोष्ट होती. 'आयेर से मे रोम्प्यो ला लाबादोरा', काल माझं वॉशिंग मशिन मोडलं. मी म्हटलं 'आ, सी?', हो का? ती म्हणे हो ना, सगळं पाणी बाहेर आलं. मी, 'नो मे दीगास!', काय सांगतेस! मग खालच्या मजल्यावरचा शेजारी वर आला. इथे 'एल बेथीनो दे आबाखो' एवढंच मला पकडता आलं, पुढचं क्रियापद हातातून निसटलं, म्हणून तेवढंच उचलून प्रश्नासारखं परत केलं, 'एल बेथीनो दे आबाखो?' आणि ती सुटलीच एकदम, हो तोच, तो आधीपासूनच चिडका आहे, त्याच्या छतावर एवढा मोठा डाग पडला वगैरे. मी बोलले ते जेमतेम तीन-चार शब्द, आणि त्यावर पाच मिनिटं अस्सल, न थांबता बोललेलं स्पॅनिश ऐकायला मिळालं. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द उचलून सूर वर नेऊन परत द्यायचे, ही युक्ती ह्या कोर्समधली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. व्याकरण शून्य लागतं, कारण शब्द त्यांचेच असतात. त्यात ऐकलेलं चुकलं असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो, म्हणजे खात्रीही होते.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे हुंकारांच्या पायऱ्या. 'आखा' किंवा नुसतं 'म्हं' म्हणजे ऐकतेय, चालू दे. त्यातला ख घशातून पण हलका, फार खाकरायचं नाही. 'या' म्हणजे हो, आलं लक्षात. 'क्लारो' म्हणजे पटलं, बरोबरच आहे. 'एन सेर्यो?' म्हणजे काय सांगतेस. 'मेनोस माल' म्हणजे नशीब, वाचलात. ही अदलाबदल करता येत नाही, पण बिगिनर लोकांना क्लारो एवढं आवडतं की ते मिठासारखं सगळीकडे टाकतात. ग्रुपमधे ट्यूटर म्हणाली 'यो कान्तो फाताल', मी अगदीच भयानक गाते, आणि एकाने तत्परतेने म्हटलं 'क्लारो!' सगळे हसले, ट्यूटर पण हसली, पण मुद्दा सगळ्यांना कळला. तिथे 'के बा!' म्हणायचं, म्हणजे छे, काहीतरीच काय.

सुराचंही तसंच. ऑडिओ कार्डांमधे एकच 'या' चार वेगवेगळ्या सुरांत रेकॉर्ड केलाय. तुटक, खाली येणारा म्हणजे समजलं. लांबवलेला 'याऽऽ' म्हणजे सहानुभूती, किंवा चेहरा बघून, हो का, मोठा शहाणा. दोनदा भरभर 'या, या' म्हटलं तर ते माहितीये गं, आवर आता असं लागू शकतं. हे छापील पुस्तकातून कळणं अवघड, ऐकलंच पाहिजे, म्हणून कार्डांना पूर्ण मार्क दिले असते. पण त्याच कार्डांत 'कोर्चोलिस' आणि 'कारांबा' असले अबब-छापाचे उद्गार पण घातलेत! माझ्या ट्यूटरने ते बघून डोक्याला हात लावला. जुन्या कॉमिक्समधले वाटतात, खऱ्या गप्पांत कोणी म्हणत नाही म्हणे. आणि 'बाले' वर कुठल्या देशातलं ते लिहिलेलंच नाहीये. ते स्पेनचं आहे, तिथे दर वाक्याला ऐकू येईल, पण मेक्सिकोत त्या जागी 'ओराले' किंवा 'साले' म्हणतात आणि अर्जेंटिनात 'दाले'. वीसेक देशांत बोलली जाणारी भाषा आहे, कार्डाच्या कोपऱ्यात देशाचं नाव टाकायला काय जातंय?

'के पेना' चं तर फारच झालं. स्पेनमधे हे अरेरे, वाईट झालं ह्या अर्थी सर्रास चालतं. ग्रुपचा तास घेणारी मुलगी कोलंबियातल्या बोगोताची, ती म्हणाली आमच्याकडे 'के पेना' म्हणजे जास्त करून सॉरी, मला ओशाळल्यासारखं होतंय. म्हणजे तिने पाकीट हरवल्याचं सांगितलं आणि तुम्ही के पेना म्हणालात तर तिला कळेल, पण क्षणभर वाटेल की हा का माफी मागतोय. 'के लास्तिमा' सगळीकडे चालतं, तेच पाठ करा. तिच्याकडूनच 'कोमो आसी?' मिळालं, म्हणजे ते कसं काय बुवा. कोलंबियन लोकांच्या तोंडात सतत असतं आणि बिगिनरसाठी तर वरदान आहे, कारण समोरचा तीच गोष्ट परत, जरा सविस्तर सांगतो. न कळल्याचं न सांगता दुसरी संधी!

मराठी बोलणाऱ्यांची एका ठिकाणी चांगलीच सोय आहे आणि कोर्सवाल्यांना ते माहीत असायचं कारण नाही. कोणी म्हटलं मला समुद्र आवडतो, 'मे गुस्ता एल मार', तर 'आ मी ताम्ब्येन' म्हणायचं. कोणी म्हटलं मी फार काम करतो, तर 'यो ताम्ब्येन'. ग्रुपमधले इंग्लिशवाले इथे हटकून अडकतात, त्यांना दोन्हीकडे एकच वाटतं. आपल्याला मलापण आणि मीपण हा फरक रोजचाच आहे, फक्त स्पॅनिशमधे आणायचा. नकार असेल तर 'ताम्पोको', आ मी ताम्पोको आणि यो ताम्पोको. हे चार तुकडे जिभेवर असले की अर्ध्या गप्पा निभावतात.

कळल्याचं नाटक करायचं नाही, ह्यावर सगळे ट्यूटर एकदम कडक आहेत, आणि ते मला पटलं. हुंकार देत बसलं की लोक धरून चालतात की कळतंय, मग अचानक प्रश्न येतो आणि गोची होते. त्यामुळे अडवायचे शब्द पण त्यांच्याच जोडीला शिकवतात. 'नो एन्त्येन्दो' म्हटलं तर सगळंच डोक्यावरून गेलं असा अर्थ होतो आणि समोरचा खचतो. त्यापेक्षा जेवढं निसटलं तेवढंच विचारायचं, 'क्येन?' कोण? 'आ दोन्दे?' कुठे? एवढ्याने कळतं की बाकीचं तुम्हाला समजलंय. नुसतं 'के?' जरा उद्धट वाटू शकतं, 'कोमो?' किंवा 'पेर्दोन?' बरं. मेक्सिकोत बरेच लोक 'मांदे?' म्हणतात, ते नम्र समजतात. मित्रांत 'ए?' पण चालतं. हा जो अं? सारखा आवाज आहे तो स्पॅनिशसकट जगातल्या वेगवेगळ्या दहा भाषांत जवळपास सारखाच निघतो असा एक अभ्यास 2013 मधे आला होता, त्याला 2015 चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, पण मिळालं. म्हणजे तेवढं तरी आपल्याला आधीपासून येत होतं, पैसे न भरता.

बोलणारा स्वतःच हुंकाराची जागा करून देतो हे पण इथेच कळलं. वाक्याच्या शेवटी 'नो?' (हो ना?) किंवा 'साबेस?' (माहितीये ना?) आलं की ती तुमची पाळी. अर्जेंटिनात तिथे 'बिस्ते?' येतं, चिलीत 'काचाय?'. ते ऐकायला कान तयार झाले की हुंकार आपोआप वेळेवर पडतो. आणि स्पेनवाल्यांशी बोलताना दुसऱ्याचं पूर्ण संपेपर्यंत थांबायचं हे डोक्यातून काढा. तिथे चार जण एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळे शांत झाल्यावर बोलेन म्हणाल तर कॉल संपेल.

आता बॉट. ह्याच्यामुळे पाचवा स्टार गेला. जाहिरातीत लिहिलंय खऱ्या माणसासारखा संवाद. खऱ्या माणसाला तुम्ही मधे 'आखा' म्हटलं तर तो पुढे बोलतो. हा बॉट थांबतो! त्याला वाटतं तुमची पाळी सुरू झाली. मग तो विचारतो, काही प्रश्न आहे का? तुम्ही म्हणता नाही, चालू दे, तो गोष्ट परत पहिल्यापासून सुरू करतो. 'एन सेर्यो?' म्हटलं की हो, खरंच, असं म्हणून स्वतःच्या बोलण्याचे पुरावे द्यायला लागतो. शेवटी माणूस काय शिकतो, तर तोंड बंद ठेवायला. म्हणजे ट्यूटरने महत्प्रयासाने लावलेली सवय हा दहा मिनिटांत मोडणार. ह्या छोट्या आवाजांना भाषाशास्त्रात बॅकचॅनल म्हणतात, व्हिक्टर इंग्वे ह्यांनी 1970 मधे हा शब्द आणला. एवढ्या वर्षांत कोर्सच्या ट्यूटरपर्यंत तो पोचलाय, बॉट बनवणाऱ्यांच्या खोलीत अजून गेला नसावा. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की मायक्रोफोन म्यूट करून ऐका. शाब्बास.

मायक्रोफोनवरून आठवलं, हे त्यांनी सांगायला हवं पण कुठेच लिहिलेलं नाही. हेडफोन लावा. स्पीकरवर ऐकलं की सॉफ्टवेअर इको काढायच्या नादात दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दाबतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक हुंकाराला ट्यूटरचा एखादा शब्द गायब होऊ शकतो. आणि नॉइज सप्रेशन चालू असेल तर 'म्हं' सारखा आवाज पंख्याची घरघर समजून गाळला जातो, तुम्ही इकडे मनापासून हुंकार देताय आणि तिकडे चिडीचूप. खोली शांत असेल तर ते सेटिंग बंद करा, नाहीतर नुसत्या आवाजाऐवजी 'क्लारो', 'या' असे धड शब्द वापरा, ते सहसा पोचतात.

परीक्षेसाठी घेणार असाल तर, देले ह्या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए2 लेव्हलच्या तोंडी भागात परीक्षकाशी संवाद असतो, तिथे ह्याचा उपयोग होईल. पण लेखी भागाची तयारी इथे जवळपास नाही, ती वेगळी करा. ज्यांना व्याकरण क्रमाने, धड्यामागून धडा पाहिजे त्यांची चिडचिड होईल, क्रियापदांचे तक्ते मागून घ्यावे लागतात. आणि मुळातच अबोल असाल तर सुरुवातीचे कॅमेरा बंद वाले तास फार जड जातील, पण ट्यूटर लोक टिंगल करत नाहीत, थांबतात.

ट्यूटर निवडताना प्रोफाइलवरचा परिचयाचा व्हिडिओ बघू नका, तो सगळ्यांचा पाठ केलेला असतो. ट्रायल तास घ्या आणि त्यात एकदा मुद्दाम गप्प राहून बघा. जी व्यक्ती लगेच स्वतःच वाक्य पूर्ण करून पुढे जाते ती नको. जी थांबून वाट बघते तिचे तास आधी बुक करा, त्यांचे स्लॉट पटकन भरतात.